जुन्या बोर्डात सर्व्हरचं कार्ड: दोन पिना झाकल्या अन् काम झालं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंनी डिस्क भरत गेल्या. बोर्ड जुना, इंटेल जी 41 चिपसेटचा, साटाचे पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) संपलेले. म्हणून नागपूरहून सर्व्हरमधून काढलेलं सॅस कार्ड, म्हणजे जास्तीच्या डिस्क जोडायचं कार्ड, आणलं. त्याच्या एका पोर्टवर फाटे फुटणारी केबल लावली की चार साटा डिस्क चालतात.

कार्ड बोर्डाच्या लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये लावलं, तर स्क्रीन काळीच. बायोससुद्धा (मशीन सुरू होताना येणारी पहिली स्क्रीन) येईना, कार्ड काढलं की सगळं ठीक.

कारण एसएमबस, म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांशी बोलतात ती छोटी लाइन. पीसीआय एक्सप्रेसच्या बी 5 आणि बी 6 या पिनांवरून ही मंद गतीची लाइन जाते. रॅमची माहितीही बोर्ड याच लाइनवरून वाचतो. सर्व्हरचं कार्ड तिथे मध्येच बोलू लागलं की जुना बोर्ड सुरूच होत नाही. डिस्कच्या डेटाला या पिना लागत नाहीत.

कार्डाची चिपवाली बाजू वर धरा. लोखंडी पट्टीच्या टोकाकडून पाचवी आणि सहावी पिन मोजा. तेवढ्याच झाका, शेजारची अर्धीही झाकू नका. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडची सोनेरी कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) वापरा. साध्या इन्सुलेशन टेपचा गोंद आपल्या उन्हाळ्यात वितळून स्लॉटमध्ये उतरतो.

मशीन लगेच सुरू झालं, डिस्क दिसल्या.

भाऊ, कार्डाच्या हीटसिंकवर (चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) छोटा पंखा मात्र लावाच. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेली असतात, अन् आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो.