मूळ की खोड? एका चुकलेल्या स्लाइडपासून शिकलेलं

जीवशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्यासमोर मायक्रोस्कोपखाली एक आडवा छेद होता. सॅफ्रानिन या रंगाने लाल झालेल्या जाड भिंतींच्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. झायलेमची (वनस्पतीत पाणी वाहणाऱ्या ऊतीची) व्याख्या, घटक, कार्य, सगळं मला पाठ होतं. तरीही मी मुळाच्या छेदाला खोड लिहून आले.

पुढे कित्येक दिवस ती चूक डोक्यातून जाईना. पेशी, ऊती (एकत्र काम करणाऱ्या पेशींचे समूह), इंद्रियसंस्था हा भाग नव्याने अभ्यासायला घेणाऱ्यांना म्हणूनच कळकळीने सांगते: नावं पाठ करण्याआधी वाट शोधा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? ऑक्सिजन कशाकशातून पार होतो? वाट कळली की रचना आपोआप ध्यानात राहते.

तोच मुळाचा छेद घ्या. पाणी मूलरोमांतून आत शिरतं, कॉर्टेक्स म्हणजे सालीखालचा जाड थर ओलांडतं आणि त्याच्या सर्वांत आतल्या थरापाशी, एंडोडर्मिसपाशी येतं. तिथे पेशींच्या भिंतींत पाणी न झिरपणारी कॅस्पेरियन पट्टी असते. भिंतीभिंतींतून आलेल्या पाण्याला इथे पेशीपटलातून, म्हणजे भिंतीच्या आतल्या पातळ पडद्यातून, जावंच लागतं, म्हणजे कोणते क्षार आत घ्यायचे यावर वनस्पतीचा ताबा राहतो. त्याच्या आत झायलेम चांदणीसारखं असतं, आणि चांदणीच्या टोकांमधल्या खाचांत फ्लोएम, म्हणजे अन्न वाहणारी ऊती. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या पाण्याला फ्लोएम ओलांडावं लागत नाही. झायलेमच्या आधी तयार झालेल्या अरुंद वाहिन्या टोकांकडे, बाहेरच्या बाजूला असतात. खोडात झायलेम आणि फ्लोएम एकाच जुडग्यात असतात आणि अरुंद वाहिन्या मध्याकडे वळलेल्या. द्विदल खोडात ही जुडगी कडेने गोलाकार मांडलेली असतात. वाऱ्याने वाकणाऱ्या खोडाला कडेचा आधार लागतो, ओढ सोसणाऱ्या मुळाला मधला दोर. हे कोणी आधी सांगितलं असतं तर!

दुसरी गोष्ट, एक प्रयोग स्वतःच्या हाताने कराच. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल स्लाइडवर पाण्यात ठेवा. कव्हरस्लिप तिरपी धरून हळूच टेकवा, नाहीतर बुडबुडे येतात आणि काळ्या कडेचा बुडबुडा नवख्याला पेशीच वाटतो. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा रंग भिंतीपासून सुटून आत गोळा होतो. भिंत मात्र जागेवरच. पेशी जिवंत असेल तर पुन्हा साधं पाणी दिल्यावर रंग पसरतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तास संपला तरी जागची उठले नाही. भित्तिका म्हणजे पेशीची भिंत वेगळी, पटल वेगळं, हे त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं. तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली की फुगून फुटते, कारण तिला भित्तिकाच नाही. वनस्पती आणि प्राणी पेशींतला फरक तक्त्यापेक्षा या दोन पेशी जास्त चांगला शिकवतात.

प्राण्यांच्या ऊतींसाठी मी एका श्वासाचा माग काढला. मस्तिष्कपुच्छातून, म्हणजे मेंदूच्या खालच्या भागातून, चेता ऊती संदेश पाठवते, श्वासपटलाचे स्नायू आकुंचन पावतात, श्वासनलिकेच्या कूर्चेची कडी म्हणजे संयोजी ऊती नळी मिटू देत नाहीत, आणि वायुकोशाच्या अगदी पातळ, चपट्या अभिस्तर (अस्तराच्या) पेशींतून ऑक्सिजन रक्तात उतरतो. चेता, स्नायू, संयोजी, अभिस्तर, प्राण्यांच्या चारही ऊती एकाच श्वासात! पुढे तांबड्या पेशी तो वाहून नेतात. माणसाची तांबडी पेशी जेमतेम ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते आणि अरुंद केशवाहिन्यांतून एकामागून एक, अंग चोरून जाते. तिच्यात केंद्रक नाही, ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही नाहीत. त्यामुळे स्वतः वाहून नेत असलेला ऑक्सिजन ती वापरत नाही. साधारण १२० दिवस जगते.

इतिहासावर फार वेळ घालवू नका. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६६५ मध्ये बुचाच्या कापात ज्या खोल्या पाहिल्या, त्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या, एवढं पक्कं असू द्या. पाणी वाहणाऱ्या झायलेमच्या वाहिन्याही मृतच असतात, हे त्यालाच जोडून लक्षात राहतं.

आकृती काढताना पुस्तक मिटून ठेवा आणि समोर दिसतंय तेच पेन्सिलीने काढा. आधी कमी शक्तीची भिंग लावून पूर्ण छेद पाहा, मग जवळ जा. परीक्षेत मी थेट जास्त शक्तीवर गेले होते. चार लाल पेशी दिसल्या, मांडणी दिसलीच नाही. आता कुठलाही छेद समोर आला की मी आधी अरुंद वाहिन्या शोधते. त्या बाहेरच्या बाजूला असतील, तर ते मूळ.