पायलट व्हायला कर्ज काढताय? या चुका टाळा

सांगलीतल्या एका बँकेत मी एकोणतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा शिक्षणकर्जाच्या टेबलावर. निवृत्त झालो तरी विश्रामबागेतल्या घरी लोक फायली घेऊन येतातच. पूर्वी मेडिकल-इंजिनिअरिंगच्या असायच्या, आता अधूनमधून वैमानिक प्रशिक्षणाच्याही असतात. आणि त्या बारावी झालेल्या पोरांच्या नसतात. हिंजवडीत सात-आठ वर्षं नोकरी करून तिशीला टेकलेली मुलं-मुली असतात. त्यांच्या इच्छेला मी कधीच नावं ठेवत नाही. तिशीत सुरुवात केली तरी पुढं तीसेक वर्षं उडता येतं. पण चुका त्याच त्या पाहून जीव तुटतो, आणि त्यातल्या बहुतेक निव्वळ घाईच्या असतात.

फी एकरकमी भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून आधी हीच सांगतो.

तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा, वय एकोणतीस. राज्याबाहेरच्या एका फ्लाइंग स्कूलनं सांगितलं, 42 लाख एकदम भरलेत तर 3 लाख सूट, आणि बारा महिन्यांत लायसन्स हातात. मी वडिलांना म्हटलं, टप्प्याटप्प्यानं उचला. ते म्हणाले, ‘साहेब, तीन लाख म्हणजे आमचा एका हंगामाचा औषध-फवारणीचा खर्च आहे. सोडायचे कसे?’ लेखी अर्ज देऊन त्यांनी सगळी रक्कम शाळेच्या खात्यावर सोडायला लावली.

चौदा महिन्यांनी मुलगा लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या तासांची नोंदवही, घेऊन घरी आला. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं बेरीज केली होती: 68 तास 40 मिनिटं. त्याआधीच्या दोन नोंदींमध्ये सात आठवड्यांचं अंतर. पाचातली दोन विमानं इंजिन ओव्हरहॉलसाठी उभी, दोन इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये निघून गेलेले, आणि एका सेस्ना या छोट्या प्रशिक्षण विमानामागं रांगेत वीस-बावीस विद्यार्थी. पैसे परत मागितले तर करारातलं कलम दाखवलं, भरलेली फी परत मिळणार नाही. ती सही त्यानंच केलेली होती, न वाचता. शेवटी उरलेले तास दुसरीकडं पूर्ण केले, त्यासाठी पुन्हा पैसे भरून. बागेशेजारचा दीड एकर विकावा लागला.

सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी, डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) उड्डाणाचे किमान 200 तास लागतात. त्यातले 100 तास तुम्ही स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची सूत्रं सांभाळणारे प्रमुख, असावे लागता आणि एक क्रॉस-कंट्री उड्डाण 300 नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरचं असतं. हे तास पैशानं होत नाहीत. त्याला चालू स्थितीतलं विमान, मोकळा इन्स्ट्रक्टर आणि स्वच्छ आकाश, तिन्ही एकाच वेळी लागतं. म्हणून पैसा तासांच्या मागून गेला पाहिजे. मी आता प्रत्येकाला हेच करायला लावतो: तीस तासांच्या वर आगाऊ भरायचं नाही आणि पुढचा हप्ता लॉगबुकच्या पानाचा फोटो आल्याशिवाय सोडायचा नाही. व्याजही उचललेल्या रकमेवरच चढतं, हा फायदा वेगळाच.

प्रवेशाआधी त्या धावपट्टीवर एक दिवस जाऊन बसा. सकाळी सहापासून दुपारपर्यंत कागदावर उड्डाणांच्या रेघा मारा. माहितीपत्रकात दहा विमानं असतील, तुम्हाला चार उडताना दिसली तर चारच धरा. डीजीसीएनं 2025 च्या ऑक्टोबरपासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, पहिल्या यादीत ‘ए’ एकालाही नव्हती. ती यादी बघाच, पण रेघा मारायचा कंटाळा करू नका.

मेडिकलच्या आधी पैसे भरणं

आधी क्लास टू, मग क्लास वन मेडिकल (या डीजीसीएच्या वैद्यकीय तपासण्या), मग शिकवणीची फी, मग कर्ज. रंग ओळखण्यातला दोष घरच्यांच्या कधी लक्षातही आलेला नसतो. क्लास वनचा कागद हातात नसेल तर मी फाईल उघडतच नाही.

शेतजमीन तारण चालेल हे गृहीत धरणं

आपल्या भागात या चुकीवरच निम्मे अर्ज अडतात. पलूसचे एक काका दहा एकर बागायतीचा सातबारा घेऊन आले. ‘कोटींची जमीन आहे, पन्नास लाखांना बँक नाही का म्हणते?’ त्यांचा राग मला समजतो. पण 2002 च्या सरफेसी कायद्यानं थकीत कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेता येतं, आणि त्याच कायद्याच्या कलम 31 मध्ये शेतजमीन वगळली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. बँकेच्या दृष्टीनं मात्र असं तारण असून नसल्यासारखं, म्हणून एवढ्या मोठ्या शिक्षणकर्जाला ती फ्लॅट, एनए प्लॉट, पक्कं घर किंवा मुदत ठेव मागते.

घर आहे म्हणावं तर तिथंही अडतं. सांगलीत गुंठेवारीतला प्लॉट नियमित केलेला नसतो. गावठाणातल्या घराला प्रॉपर्टी कार्ड नसतं. असलं तर त्यावर आजोबांचं नाव, आणि वारसांत तीन आत्या. आत्यांचं हक्कसोडपत्र आणि तेही नोंदणीकृत पाहिजे. एक आत्या मुंबईला, एक रुसलेली, असं करत काकांचे पाच महिने गेले. शाळेत जागा आरक्षित करायला भरलेले पन्नास हजारही गेले. म्हणून विमानाचा विचार मनात आला त्याच आठवड्यात तलाठ्याकडं आणि सिटी सर्व्हेला जाऊन उतारे काढा, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. हे काम नोकरी सांभाळून होतं.

आधी राजीनामा

मीटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन, रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल हे सीपीएलचे लेखी पेपर पगार चालू असताना देता येतात. जी मुलं रविवारी अभ्यास करून पेपर काढतात तीच पुढं टिकतात, हे माझं अकरा वर्षांचं निरीक्षण. पहाटे उठून चार पेपर देण्याची तयारी नसेल तर चाळीस लाखांचं कर्ज काढू नये, असं मी तोंडावर सांगतो. लोकांना लागतं, पण सांगतो.

हिशेब लायसन्सपाशी थांबवणं

सीपीएल झालं म्हणजे नोकरी लागली असं नाही. एअरबस 320 सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच जातीचं विमान चालवण्याची पात्रता, स्वखर्चानं करायचं तर आणखी पंधरा लाखांच्या आसपास धरा. शिवाय व्याज. 50 लाख 11 टक्क्यांनी उचलले तर वर्षाचं व्याज साडेपाच लाख. अडीच वर्षं हप्ता नाही म्हणून निर्धास्त राहिलात तर पावणेचौदा लाख मुदलात जातात आणि पंधरा वर्षांचा हप्ता सुमारे 57 हजारांऐवजी 72 हजारांवर जातो. चालू नोकरीच्या शिल्लकीतून दोन वर्षांचं व्याज आधीच वेगळं ठेवा. मी वेगळं खातंच उघडायला लावतो, त्याचं एटीएम कार्ड घ्यायचं नाही.

पावसाळा विसरणं

कोयनेकडून ढग चढले की कराडच्या धावपट्टीवर काय होतं ते साताऱ्या-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर उड्डाणं निम्म्यावर येतात. बारा महिन्यांचा कोर्स अठरा धरूनच व्याज मोजा.

पतसंस्था, पर्सनल लोन, सोनंतारण यांची गोळाबेरीज

करू नका. पर्सनल लोनचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो, व्याज जास्त, आणि शिक्षणकर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत मिळणारी वजावटही त्याला नाही. मुलगा धावपट्टीवर आणि वसुलीचा फोन आईला, हे मी पाहिलंय.

तासगावचा तो मुलगा आता एअरबसच्या उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलटच्या जागी, बसतो. मागच्या दिवाळीत वडील बेदाण्याचा डबा घेऊन आले होते. निघताना म्हणाले, धाकटी पण म्हणते पायलट व्हायचंय. मी विचारलं, मेडिकल झालं का? त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. खाली तिच्या आत्यांचं हक्कसोडपत्रही होतं, नोंदणी केलेलं.