हापूसच्या नव्या कलमाची फळगळ: फवारणीपूर्वी गळलेली कैरी पाहावी

जानेवारी उलटता उलटता चार-पाच वर्षांचे हापूसचे कलम मोहराने भरून जाते, वाटाण्याएवढी कणी धरते आणि पुढच्या तीन आठवड्यांत त्यातील बहुतेक आळ्यात पडलेली दिसते. अशा वेळी औषधाच्या दुकानाकडे धाव घेण्याआधी सकाळी उन्हे चढण्यापूर्वी झाडाखाली बसून पडलेली वीस-पंचवीस फळे वेचावीत. कोणत्या फळगळीवर उपाय करायचा आणि कोणती तशीच होऊ द्यायची, हे त्या फळांवरूनच कळते.

वेचलेल्या फळांचे देठ प्रथम पाहावेत. फळ किंचित पिवळट पडलेले असेल, देठ सांध्यापाशी स्वच्छ सुटलेला असेल आणि सालीवर डाग किंवा छिद्र नसेल, तर ते फळ झाडाने स्वतःहून सोडलेले आहे. त्यानंतर सुपारीएवढे एखादे फळ धारदार सुरीने उभे चिरावे. कोवळ्या बाठ्यातील बी पांढरे आणि टवटवीत असण्याऐवजी तपकिरी होऊन आक्रसलेले आढळले, तर परागीभवन नीट झाले नाही किंवा गर्भ मधेच मेला, असे समजावे. वाढते बी फळाला देठाशी धरून ठेवणारी संप्रेरके पुरवत असते; तो पुरवठा आटला की देठाच्या सांध्यावर पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो आणि वाऱ्याची झुळूकही फळ पाडायला पुरते. हापूसला स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही, म्हणून बागेत केसर, रत्ना, पायरी यांसारख्या जातींची काही कलमे असावीत आणि मोहर फुललेला असताना कीटकनाशकाची फवारणी टाळावी, कारण परागीभवनाचे बरेचसे काम माश्या करतात.

याउलट फळावर आणि देठावर काळे, खोलगट डाग असतील तर तो करपा आहे. मोहराच्या दांड्यांवर पिठासारखी पांढरी बुरशी असेल तर भुरी आहे. आणि खालची पाने हाताला चिकट लागून पुढे त्यांवर काजळी चढत असेल तर तुडतुडे मोहरातील रस शोषत आहेत. साल खरबरीत, तपकिरी झालेली असेल तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. मळभाच्या दिवसांत ही कीड-रोगांची गळ झपाट्याने वाढते. येथे फवारणी आवश्यक असते. मात्र ती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या वेळापत्रकाप्रमाणे करावी, शेजाऱ्याने काय मारले त्यावरून नव्हे.

कोवळ्या कलमाची खरी अडचण मात्र वेगळीच असते. कलमाची काडी फळणाऱ्या जुन्या झाडावरून घेतलेली असल्यामुळे तिला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहर येतो, पण खालची मुळे आणि वरचा पाला अजून पोराच्या वयाचा असतो. फळे पोसण्याइतके अन्न त्या झाडापाशी नसते, आणि त्याच सुमारास नवी पालवी फुटली तर ती फळांच्या तोंडचा घास पळवते. म्हणून पहिली तीन वर्षे मोहर बोटभर लांब झाला की देठाशी खुडून टाकावा. तो खुडताना खालची डोळ्यांची काडी मोडू नये. हे सांगितले की घरात नाराजी होते, विशेषतः मुलांची, पण या वयात धरलेल्या दोन कैऱ्यांची किंमत झाड पुढच्या वर्षीच्या वाढीतून वसूल करते. चौथ्या-पाचव्या वर्षी मोजकीच फळे राखावीत आणि एका घोसात दाटलेली फळे आपणच विरळ करावीत.

त्याच वेळी कलमाचा जोड तपासावा. जोडाखालून फुटलेले खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर काडी बांधली त्याचे, धुमारे काढून टाकावेत. माझ्या एका कलमाची फळे सलग दोन वर्षे गोटीएवढी होऊन गळाली. अखेर माती बाजूला केली तेव्हा रोपवाटिकेने बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी सालीत रुतून बसलेली दिसली. ती पट्टी वेळीच सोडायची असते, हे रोप घेताना कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

पाण्याचे तंत्र जपून सांभाळावे. मोहर येण्यापूर्वी फळत्या कलमाला ताण हवा असतो, म्हणजे पाणी तोडावे लागते. फळ वाटाण्याएवढे झाल्यावर पाणी सुरू करावे. पूर्ण वाढलेल्या हापूसला दर पंधरा दिवसांनी १५० ते २०० लिटर असे तीन-चार वेळा पाणी देतात. लहान कलमाला त्याच्या घेराच्या मानाने कमी, पण त्याच अंतराने द्यावे. महिनाभर कोरडे ठेवून एकदम आळे तुडुंब भरणे हे फळगळीला आमंत्रणच असते. पाणी बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या टोकांखालच्या वर्तुळात सोडावे आणि त्यावर गवताचे किंवा पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे. जांभ्या कातळावरच्या उथळ मातीत केवळ या आच्छादनानेही बराच फरक पडतो.

एवढे करूनही निरोगी फळे गळत राहिली, तर वाटाणा आणि गोटी या अवस्थांत नॅप्थॅलिन ॲसेटिक ॲसिड हे फळ देठाशी धरून ठेवणारे संप्रेरक २० पीपीएम, म्हणजे १०० लिटर पाण्यात २ ग्रॅम शुद्ध घटक, या प्रमाणात फवारता येते. बाजारातील द्रावणात हा घटक थोड्या टक्क्यांतच असतो, म्हणून बाटलीवरचे प्रमाण वाचून हिशेब करावा. ‘थोडे जास्त घातले तर बरे’ हा विचार येथे अंगाशी येतो, कारण हेच संप्रेरक जास्त मात्रेत काही फळझाडांची फळे विरळ करण्यासाठी वापरले जाते. फवारणी संध्याकाळी, वारा पडल्यावर करावी आणि नंतरच्या आठवड्यात पुन्हा आळ्यातील फळे वेचून, चिरून पाहावीत.