शाफ्ट चिकटवण्याआधी: गोल्फ ड्रायव्हरच्या हेडची तपासणी

ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधला सर्वांत लांब मारायचा क्लब; त्याचा दांडा म्हणजे शाफ्ट आणि चेंडूला लागणारं डोकं म्हणजे हेड. नव्या हेड्सचं खोकं आलं की हात शिवशिवतात. पण शाफ्ट चिकटवणारं इपॉक्सी एकदा धरलं की हेडमधला दोष तुमच्या गळ्यात पडतो. पुरवठादार म्हणतो, जोडताना तुम्हीच काहीतरी केलंत. म्हणून पुढचं जवळजवळ सगळं कोऱ्या हेडवर, खोकं फोडाल त्याच दिवशी उरकून घ्या.

आधी वही काढा. प्रत्येक हेडला नंबर द्या आणि समोर वजन लिहा, काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. ड्रायव्हरचं हेड २०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि दोन ग्रॅमच्या फरकाने स्विंगवेट (क्लब फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) साधारण एका अंकाने हलतं. हलकं हेड आत हॉट मेल्ट (गरम करून ओतायचा गोंद) भरून सावरता येतं, जडाचं फारसं काही करता येत नाही, ते परत पाठवा. लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) मागे कललेला कोन, गेजवरच मोजा, सोलवर (तळावर) छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. मग हेड कानाशी धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर तो वेल्डिंगचा सुटा मणी असू शकतो, आणि मणी सुटला असेल तर सांध्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

खरा वेळ सांध्यांना द्या. बहुतेक टायटॅनियम हेडमध्ये बॉडी ओतीव असते आणि फेस वेगळा करून तिला वेल्ड केलेला असतो. भेग पुष्कळदा याच जोडालगत सुरू होते, आणि रंग व पॉलिश तिला झाकतात. तिरक्या उजेडात, दहापट भिंगाखाली फेसची कड पूर्ण फिरून पाहा. क्राउनकडच्या (हेडच्या माथ्याकडच्या) कडेला दोनदा. वजनाचा स्क्रू निघत असेल तर त्या भोकातून बारीक कॅमेरा आत घाला. चांगलं वेल्डिंग चंदेरी दिसतं. निळं किंवा पांढरट, भुकटीसारखं दिसलं तर धातू तापलेला असताना त्याला हवा लागली आहे आणि तो ठिसूळ झालाय असं समजा. ओतकामात साच्याशी संबंध येऊन टायटॅनियमवर कडक, ठिसूळ साल चढते, तिला अल्फा केस म्हणतात. ती आम्लात काढावी लागते. राहिली तर बाहेरून कळत नाही, म्हणून ती काढली आहे का, हे पुरवठादाराला लेखी विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडून मी पुन्हा माल घेतलेला नाही.

फेसची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मध्ये आणि चारही बाजूंना मोजा. फेस जितका पातळ, तितका तो जास्त लवचिक आणि तितकाच लवकर थकणारा. स्पर्धा खेळणाऱ्यासाठी क्लब बनवत असाल तर सीटी, म्हणजे फेस किती उसळी देतो हे दाखवणारा वेळ, तपासून घ्या: नियमांची मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ ची सूट, म्हणजे २५७. नवं हेडच काठावर असेल तर देऊ नका, कारण मार खाऊन हा आकडा वाढू शकतो. २०१९ मध्ये पोर्टरशला झालेल्या ब्रिटिश ओपन स्पर्धेआधी अमेरिकन गोल्फपटू झँडर शॉफलीचा ड्रायव्हर याच चाचणीत नापास झाला होता.

होझलचं (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिचं) भोक पिन गेजने पाहा, नेहमीचं माप ०.३३५ इंच. खोलीही मोजा. आतलं तेल आणि कीस सॉल्व्हंट व गोल ब्रशने काढा. तोंडाची धार तशीच राहिली तर ग्रॅफाइट शाफ्ट नेमका तिथे कापला जातो आणि दोष शाफ्टवर येतो; शंकूच्या आकाराच्या बिटने ती धार घासून बोथट करा.

बॅच मोठी असेल तर दोन हेड्स चाचणीसाठी सोडा. त्यांना शाफ्ट लावून जोरात मारणाऱ्या खेळाडूकडून शंभर चेंडू मारून घ्या आणि फेसचा फुगवटा आधी-नंतर टेम्प्लेटवर ताडून पाहा. मध्ये सपाटी आली तर उरलेली बॅच थांबवा. दोन हेड्स वाया जातात, हा खर्च मला कधीच जड वाटला नाही.

गिऱ्हाइकाला स्विंगचा वेग विचारायला विसरू नका. ताशी ११० मैलांपुढचा असेल तर जाड फेसचं हेड निवडा. इपॉक्सीला पूर्ण चोवीस तास द्या, आणि मे महिन्यात क्लब गाडीच्या डिकीत ठेवू नये हे क्लब हातात देतानाच सांगा. उष्णतेने जोड सैल पडतो. त्याच बॅचमधलं एक कोरं हेड नंबरासकट कपाटात राहू द्या, म्हणजे तक्रार आली तर फुटलेलं हेड शेजारी ठेवून मोजता येईल.