माजी सैनिक संघटनेच्या स्थापनेचा इतिहास कसा जुळवावा

१९७१च्या युद्धानंतर ठाण्यात उभ्या राहिलेल्या माजी सैनिक संघटनेचा इतिहास लिहायला घेतला की पहिलं घोडं तारखेवर अडतं. स्थापनेच्या तारखा तीन असतात: जवान पहिल्यांदा एकत्र बसले ती, ठराव झाला ती आणि नोंदणी झाली ती. स्मरणिकेत तिन्ही वेगळ्या छापा. नुसती नोंदणीची धरली तर त्याआधी संघटनेसाठी खपलेली माणसं इतिहासातून गळतात, आणि हा अन्याय नंतर भरून निघत नाही.

सुरुवात धर्मादाय कार्यालयातून करा, म्हणजे संस्थांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातून. संस्था ज्या जिल्ह्यातली, त्या जिल्ह्याचं कार्यालय गाठा: वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, पनवेल रायगडात. नोंदणी क्रमांक देऊन परिशिष्ट १ चा (नोंदणी-नोंदवहीचा) उतारा, संस्थेची मूळ घटना आणि जुने चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलल्याचे अहवाल) यांच्या प्रमाणित नकला मागा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीला किमान सात जण लागतात, त्यामुळे मूळ कागदावर निदान सात सह्या असतात. पण ते सातही जण पहिल्या बैठकीला होतेच असं धरू नका. प्रत्येक नाव डिस्चार्ज बुकाशी, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या सेवापुस्तिकेशी, ताडा. १९७२चा सचिव म्हणून सांगितलेला माणूस १९७६ला निवृत्त झाला असेल, तर त्या साली तो माजी सैनिकच नव्हता. दोन्हींपैकी एक साल चुकलंय.

तारीख नसलेलं पत्र लेटरहेडवरून ओळखता येतं. पिनकोड छापलेला असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. ‘ठाणे महानगरपालिका’ असा उल्लेख असेल तर १ ऑक्टोबर १९८२ नंतरचा.

इतिवृत्ताची वही जपून हाताळा. खाडीच्या दमट हवेत टाचण्या गंजतात, पानं चिकटतात. चिकटलेली पानं ओढू नका, सावलीत पंख्याखाली सुकू द्या. सेलोटेप, लॅमिनेशन तर अजिबात नको: डिंक पिवळा पडतो, शाई खातो. फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. नावं बहुतेक वेळा तिथेच पेन्सिलीने लिहिलेली असतात.

वयोवृद्ध सभासदांना ‘संस्था कधी निघाली?’ असं विचारू नका. ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ हे १९७१च्या युद्धाचं पदक हातात देऊन विचारा: परत आल्यावर पहिली बैठक कोणाच्या घरी झाली, वर्गणी किती होती, कोणाकडे जमा केलीत? आणि दिवंगत खजिनदारांच्या घरी ट्रंकेत पावती पुस्तकं आहेत का, ते त्यांच्या पत्नीला विचारायला विसरू नका. पावती क्रमांक १ च्या स्थळप्रतीवर तारीख असते, सहीसुद्धा.