संगणकाचे सगळे कोअर कामाला लागत नसतील तर दोष कसा शोधावा

कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग, आणि थ्रेड म्हणजे कोअरने चालवायची कामाची एक धार; काही प्रोसेसरमध्ये एक कोअर एकाच वेळी दोन थ्रेड चालवतो. ‘प्रोसेसर बारा थ्रेडचा घेतला, पण काम एकदोनच कोअर करतात’ या तक्रारीत दोन निराळे दोष एकत्र झालेले असतात. पहिल्यात ऑपरेटिंग सिस्टिमला काही कोअर दिसतच नाहीत. दुसऱ्यात ते सगळे दिसतात, पण चालू असलेला प्रोग्रॅम त्यांना काम देत नाही. दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे असल्यामुळे सेटिंग बदलायला घेण्यापूर्वी आपला दोष यांपैकी कोणता आहे हे ठरवावे. माझ्या मते या पायरीला दिलेला वेळ पुढची बरीच खटपट वाचवतो.

प्रथम आपल्या प्रोसेसरला किती कोअर आणि किती थ्रेड आहेत हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांकानुसार पाहावे. इंटेलच्या आय५-१२४०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड असतात, तर आय५-९४०० मध्ये ६ कोअर आणि थ्रेडही ६च असतात, त्यामुळे दुसऱ्या प्रोसेसरवर बारा थ्रेड शोधत बसणे व्यर्थ आहे. मग विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मधील सीपीयूच्या पानावर ‘कोअर्स’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ (म्हणजे थ्रेड) यांपुढचे आकडे पाहावेत. लिनक्सवर हीच माहिती टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही आज्ञा देते आणि बंद असलेले कोअर ती वेगळ्या ओळीत दाखवते.

आकडा कमी आला, तर विंडोजमध्ये आधी ‘एमएसकॉन्फिग’ (msconfig) हे सेटिंगचे साधन उघडावे. त्यातील ‘बूट’ या भागात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ दाबल्यावर ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ नावाची चौकट दिसते. तेथे खूण करून सर्वांत मोठा आकडा निवडल्यास संगणक वेगवान होतो, असा समज अनेक व्हिडिओंनी पसरवला आहे आणि तो चुकीचा आहे. ती चौकट कोअर वाढवण्यासाठी नसून चाचणीपुरते मर्यादित करण्यासाठी आहे. खूण नसताना विंडोज सगळेच कोअर वापरते. म्हणून खूण असल्यास काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

त्यानेही फरक पडला नाही, तर बायोसकडे, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रॅमकडे, वळावे. संगणक सुरू होताना बहुधा ‘डिलीट’ किंवा ‘एफ२’ दाबल्यावर ते उघडते. ‘ॲक्टिव्ह कोअर्स’ किंवा तत्सम नावाची सेटिंग ‘ऑल’ वर असावी. थ्रेड निम्मेच दिसत असतील, तर इंटेलवर ‘हायपर-थ्रेडिंग’ आणि एएमडीवर ‘एसएमटी’ (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) सुरू आहे का ते पाहावे. मदरबोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असेल, तर बायोस अद्ययावत करावे लागू शकते. मात्र डिस्कवर बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) सुरू असल्यास अशा बदलानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

कंपन्यांतून निघालेली दोन प्रोसेसरची जुनी वर्कस्टेशन्स पुण्यात पुष्कळजण घेतात. त्यांवर विंडोजची होम आवृत्ती टाकली, तर दुसरा प्रोसेसर निष्क्रियच राहतो, कारण होम आवृत्ती एकच सॉकेट (मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा) वापरते. दोन सॉकेटसाठी प्रो लागते. व्हर्च्युअल मशीनमध्येही (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या दुसऱ्या संगणकात) हीच अडचण वेगळ्या रूपात येते. आठ व्हर्च्युअल प्रोसेसर आठ सॉकेट म्हणून दिले, तर आतील विंडोज प्रो त्यांपैकी दोनच घेते; तेच एका सॉकेटचे आठ कोअर म्हणून दिल्यास सगळे वापरले जातात.

लिनक्सवर कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) बूटच्या वेळी दिलेले पर्याय तपासावेत. ‘मॅक्ससीपीयूज’ (maxcpus) किंवा ‘नोएसएमपी’ (nosmp) यांपैकी काही तेथे राहून गेले असेल, तर ते काढावे. एखाद्या जुन्या अडचणीवर तोडगा म्हणून एसीपीआय (हार्डवेअरची माहिती तक्त्यांच्या रूपात ऑपरेटिंग सिस्टिमला देणारी व्यवस्था) बंद केलेले असल्यास तेही पुन्हा सुरू करावे, कारण कोअरची यादी कर्नलला त्याच तक्त्यांतून मिळते.

आता दुसरा दोष, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच सापडते. टास्क मॅनेजरमधील आलेखावर उजवे बटण दाबून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडावे, म्हणजे प्रत्येकाचा आलेख स्वतंत्र दिसतो. बारा थ्रेडच्या संगणकावर एखादे काम रेंगाळत असताना एकूण वापर सुमारे ८ टक्क्यांवर अडकलेला असेल, तर तो प्रोग्रॅम एकाच थ्रेडवर चालला आहे असे समजावे, कारण शंभराचा बारावा भाग तेवढाच येतो. अशा वेळी ‘डिटेल्स’मध्ये त्या प्रोग्रॅमवर उजवे बटण दाबून ‘सेट ॲफिनिटी’ (प्रोग्रॅमने कोणते कोअर वापरावेत याची यादी) पाहावे. तेथे काही कोअरच्या खुणा काढलेल्या असतील, तर त्या पुन्हा कराव्यात. तसे नसेल, तर प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये थ्रेडची संख्या बांधलेली आहे का ते तपासावे. रेंडरिंगच्या (चित्र वा व्हिडिओ तयार करून देणाऱ्या) प्रोग्रॅममध्ये अशी सेटिंग सहसा असते.

पायथॉन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे विशेष सांगावेसे वाटते. नेहमीच्या सीपायथॉनमध्ये (पायथॉनच्या सर्वसाधारण आवृत्तीत) अनेक थ्रेड निर्माण केले, तरी जीआयएल या कुलपामुळे पायथॉनचा कोड एका वेळी एकच थ्रेड चालवतो. आकडेमोड वाटायची असेल, तर ‘मल्टिप्रोसेसिंग’ वापरून स्वतंत्र प्रक्रिया कराव्यात.

पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला, तेव्हाही अनेक प्रोसेसर जोडून भागणारे नव्हते. गणिताचे तुकडे पाडून ते वाटणारे प्रोग्रॅमही हवे होते. घरच्या संगणकाला तोच नियम लागू आहे. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या मुद्द्यानुसार कामाचा चौथा हिस्सा क्रमानेच करावा लागत असेल, तर सहा कोअरवर वेग सुमारे २.७ पट होतो, बारा कोअरवर ३.२ पट, आणि कोअर कितीही वाढवले तरी चौपटीच्या पुढे जात नाही. म्हणून असे काम असणाऱ्याने जास्त कोअरऐवजी जास्त वेगवान कोअरवर पैसे खर्च करावेत.

सगळे कोअर भरून चालत असूनही काम मंदावत असेल, तर तापमान पाहावे. पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये धुळीने भरलेला पंखा प्रोसेसरला पुरेसे थंड ठेवू शकत नाही, आणि तापलेला प्रोसेसर कोअर गायब करत नाही, तर सर्वांचा वेग उतरवतो. पंखा व हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता शोषणारा धातूचा भाग) स्वच्छ करून त्यांच्यामधील उष्णतावाहक थर्मल पेस्ट प्रोसेसरवर नव्याने लावावी. एवढे करूनही बायोसमध्येच कोअर कमी दिसत राहिले, तर सॉकेटमधील वाकलेली पिन किंवा खुद्द प्रोसेसरचा दोष उरतो. यांपैकी नेमके काय हे प्रोसेसर दुसऱ्या मदरबोर्डवर लावून पाहिल्याशिवाय निश्चित होत नाही, आणि ती तपासणी दुरुस्तीच्या दुकानात करून घ्यावी.