चिनी हायस्कूलच्या मुलांचं इंग्लिश लिसनिंग-रीडिंग तपासताय? या चुका टाळा

चीनमधल्या एखाद्या शाळेत इंग्लिश शिकवायला गेला असाल, ऑनलाइन तिकडची मुलं शिकवत असाल किंवा एम.एड.च्या प्रोजेक्टसाठी तिथला टेस्टचा डेटा हातात आला असेल, तर लवकरच कोणीतरी १५० पैकी ११२ असा एक आकडा पुढे करतं आणि विचारतं, सांगा, हा मुलगा इंग्लिशमध्ये कसा आहे. आपण पण "बरा आहे, लिसनिंग जरा वाढव" असं काहीतरी ठोकून देतो. खरं म्हणजे त्या आकड्यावरून लिसनिंगबद्दल फारसं काही कळत नाही. हा पेपर असतो गाओकाओच्या पॅटर्नचा, आणि गाओकाओ म्हणजे युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशनसाठी मुलांना रांगेत उभं करायची परीक्षा, २०२४ ला १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी रजिस्ट्रेशन केलं होतं. एवढ्यांना वर-खाली लावायचं काम ती चोख करते, पण मुलाचं नक्की कुठे अडतंय हे सांगायला ती बनवलेलीच नाही. खालच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

आधी पॅटर्न पटकन बघून घ्या, पुढे लागेल. सध्या बऱ्याच प्रांतांत जो नवा नॅशनल पेपर चालतो त्यात १२० मिनिटं, १५० मार्क. लिसनिंगचे २० प्रश्न, प्रत्येकी दीड मार्क, म्हणजे ३०. रीडिंगचे चार उतारे, १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क, वर एक प्रकार असा की उताऱ्यातली पाच वाक्यं काढलेली असतात आणि खाली दिलेल्या सातांतून बरोबर पाच निवडून बसवायची, त्याचे साडेबारा. रीडिंग एकूण ५०. उरलेल्या ७० मध्ये गाळलेल्या जागा, ग्रामर आणि रायटिंग.

सरळ टक्के काढून लिसनिंग आणि रीडिंगची तुलना करणं

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. मुलाला लिसनिंगमध्ये २० पैकी १२ बरोबर, उताऱ्यांमध्ये १५ पैकी ९ बरोबर, दोन्हीकडे ६० टक्के, म्हणजे दोन्ही सारखंच, असं रिपोर्टमध्ये लिहून टाकतात. पण लिसनिंगला पर्याय तीन असतात आणि रीडिंगला चार. डोळे मिटून गोल काळे केले तरी लिसनिंगमध्ये सरासरी ३० पैकी १० मार्क मिळतात, उताऱ्यांमध्ये साडेसदतीस पैकी साधारण सव्वानऊ. अंदाजपंचेचा वाटा वजा करून बघा. तीन पर्याय असतील तर चुकलेल्या उत्तरांच्या निम्मे वजा करायचे, चार असतील तर एक तृतीयांश. लिसनिंग १२ वजा ४, म्हणजे ८, ते झाले ४० टक्के. रीडिंग ९ वजा २, म्हणजे ७, ते झाले ४७ च्या आसपास. आता दोन्ही सारखं नाही ना राहिलं? हा फॉर्म्युला काही अगदी परफेक्ट नाही, मुलं पूर्ण आंधळेपणाने ठोकत नाहीत, एखादा पर्याय उडवून मग ठोकतात, पण सरळ टक्क्यांपेक्षा बराच बरा.

ते सातातून पाचवालं प्रकरण तर वेगळंच मोजा. एक वाक्य चुकीच्या जागी गेलं की ते जिथे हवं होतं ती जागा पण चुकते, एका चुकीचे पाच मार्क जातात. त्याला उताऱ्यांच्या १५ प्रश्नांत मिसळून "रीडिंग कच्चं" म्हणू नका.

लिसनिंग कमी आलं म्हणजे कान कच्चा, असं धरणं

यावर जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ आणि मेहनत इथे वाया जाते. मार्क कमी आले की शिक्षक सांगतात, रोज अर्धा तास ऑडिओ ऐक. मूल बिचारं महिनाभर ऐकतं, मार्क तिथेच.

लिसनिंगमध्ये मार्क जायची निदान चार वेगळी कारणं असतात. आवाज ओळखता येत नाही. शब्दच माहीत नाही. ऐकलं, समजलं पण प्रश्न वाचायला वेळ पुरला नाही. किंवा सगळं समजलं आणि शेवटी बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते पकडता आलं नाही. चारही कारणांचे मार्क सारखेच दिसतात.

वेगळं कसं करायचं? टेस्ट झाल्यावर चुकलेल्या प्रश्नांची स्क्रिप्ट छापून हातात द्या, परत सोडवायला सांगा, ऑडिओ नाही. कागदावर बरोबर आलं तर भाषा येते, आवाजात अडतंय. कागदावरही चुकलं तर त्याला हेडफोन देऊन उपयोग नाही, शब्द आणि अर्थावर काम करा. साधा उपाय आहे, पण करताना फार कमी जण दिसतात.

आवाजातच अडत असेल तर नक्की कशात ते बघा. मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी व्यंजन म्हणजे जवळजवळ फक्त न किंवा ङ, क्वचित र, आणि दोन-तीन व्यंजनं एकत्र येत नाहीत. त्यामुळे 'आस्क्ट' मधला शेवटचा ट, 'वॉक्स' मधला स, हे मुलांच्या कानाला लागतच नाही, भूतकाळ की वर्तमानकाळ ते निसटतं, आणि मँडरिनमध्ये क्रियापद काळाप्रमाणे बदलत नसल्यामुळे ते निसटलंय हेही कळत नाही. मग 'पिक इट अप' बोलताना 'पिकिटप' होतं, हे शब्द एकेकटे सुटे पाठ केलेल्या मुलाला नवीनच वाटतं. यासाठी पूर्ण डिक्टेशन नको, पाच-सहा वाक्यांत फक्त असेच तुकडे गाळून ठेवा आणि ऐकून भरायला सांगा. दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

आकडे हे अजून एक दुखणं. चिनीमध्ये मोठी संख्या दहा हजाराच्या गठ्ठ्यांत मोजतात, त्या गठ्ठ्याला 'वान' म्हणतात. म्हणजे थर्टी थाउजंड ऐकलं की डोक्यात तीन वान करावं लागतं, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. (आपल्याला टू पॉइंट फाइव्ह मिलियन ऐकल्यावर पंचवीस लाख करायला जो सेकंद लागतो ना, तोच प्रकार.) ही आणि शी चं पण तसंच, बोलताना चिनीमध्ये दोघांना उच्चार एकच, 'ता', त्यामुळे संवादात दोन माणसांबद्दल बोलणं चाललं असेल तर कोण काय म्हणालं यात गडबड होते. तुमच्या टेस्टमध्ये असे प्रश्न किती आहेत ते मोजा. २० पैकी ७ प्रश्न आकड्यांवरच असतील तर तुम्ही लिसनिंग कमी आणि हिशोब जास्त तपासताय.

लिसनिंगच्या टेस्टमध्ये चोरपावलांनी रीडिंग घुसवणं

गाओकाओच्या लिसनिंगमध्ये प्रश्न आणि पर्याय इंग्लिशमध्येच छापलेले असतात, आणि मोठ्या संवादांआधी ते वाचायला प्रत्येक प्रश्नाला पाच सेकंद मिळतात. पहिले पाच छोटे संवाद एकदाच वाजतात, बाकीचे दोनदा. आता जो मुलगा हळू वाचतो तो पर्याय वाचण्यातच अडकतो आणि पहिल्यांदा वाजलेलं बुडतं. मार्क जातात लिसनिंगमध्ये, दोष असतो वाचण्याच्या स्पीडचा. खरी परीक्षा आहे तशी आहे, ती आपण बदलू शकत नाही, पण तुम्ही स्वतः टेस्ट घेताय आणि तुम्हाला फक्त ऐकणं तपासायचंय तर प्रश्न चिनीमध्ये द्या किंवा सगळे प्रश्न आधी दोन मिनिटं निवांत वाचू द्या. मग तोच मुलगा एकदम वर जातो का ते बघा. पर्याय लांबलचक करायचा मोह पण टाळा, चार-पाच शब्द पुरे.

ग्वांगदोंग प्रांताचं तर अजून वेगळं. तिथे लिसनिंग आणि स्पीकिंगची एकत्र परीक्षा कॉम्प्युटरवर होते, १५० पैकी २० मार्कांची. बघून-ऐकून तसंच वाचायचं, मग रोल प्ले, मग ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची. लाजाळू मुलाला गोष्ट पूर्ण समजली असली तरी मायक्रोफोनसमोर त त प प झालं की संपलं. तिथल्या मार्कांवरून लिसनिंगबद्दल बोलायचं तर दहा वेळा विचार करा.

वेगवेगळ्या प्रांतांचे आकडे एका एक्सेल शीटमध्ये कोंबणं

चीनची परीक्षा म्हटलं की आपल्याला वाटतं सगळीकडे एकच पेपर. तसं नाही. बीजिंगमध्ये २०२१ च्या बॅचपासून लिसनिंग-स्पीकिंग ५० मार्कांची वेगळी कॉम्प्युटर टेस्ट आहे, दोन चान्स मिळतात, चांगला स्कोअर धरतात. शांघाय स्वतःचा पेपर काढतं. झज्यांगमध्ये इंग्लिश वर्षातून दोनदा देता येतं. काही प्रांतांत तर कित्येक वर्षं लिसनिंगचे मार्क एकूणात धरतच नव्हते, उरलेल्या १२० ला सव्वापट करून १५० बनवायचे. आता अशा दोन प्रांतांतल्या मुलांचे १२० आणि १२० शेजारी ठेवून काय कळणार? जिथे लिसनिंग मोजत नाहीत तिथली शाळा ते शिकवायला वेळ तरी कशाला घालवेल! तुलना करायचीच असेल तर तुमची स्वतःची एक छोटी टेस्ट दोन्हीकडे द्या, आणि प्रांत, वर्ष, पेपरचा प्रकार या तीन कॉलमशिवाय डेटा घेऊच नका.

जुने पेपर टेस्ट म्हणून वापरणं

गाओसानची, म्हणजे बारावीची मुलं जुने पेपर सोडवून सोडवून पार पाठ करतात. लिसनिंगच्या सुरुवातीला सूचना म्हणून एक नमुना प्रश्न असतो, शर्टची किंमत किती, उत्तर ९ पौंड १५ पेन्स. वर्षानुवर्षं तोच शर्ट. इतका की चिनी इंटरनेटवर त्याच्यावर जोक चालतात, महागाई वाढली पण शर्ट अजून ९ पौंड १५ लाच. अशा मुलांना तीन वर्षांपूर्वीचा पेपर दिला तर तुम्ही त्यांची स्मरणशक्ती तपासताय. पॅटर्न तोच ठेवा, ऑडिओ आणि उतारे नवीन घ्या. निदान मुलांना टेस्टनंतर विचारा तरी की यातला कुठला उतारा आधी पाहिला होता, आणि ते प्रश्न बाजूला काढून परत मार्क मोजा.

उतारा न वाचता सुटणारे प्रश्न

रीडिंगच्या टेस्टमध्ये हे फार. उतारा चहाबद्दल किंवा रेशमाबद्दल असेल तर चिनी मुलाला निम्मी उत्तरं घरूनच माहीत असतात. उलट अमेरिकन यार्ड सेलवर उतारा आला की इंग्लिश येत असूनही हे लोक घरातलं सामान अंगणात का मांडून बसलेत हेच कळत नाही. शिवाय टेस्टला सरावलेली मुलं 'ऑल्वेज', 'ओन्ली' असलेला पर्याय आधी उडवतात आणि सगळ्यात लांब पर्यायावर टिक करतात, आणि बऱ्याचदा बरोबर निघतात, कारण प्रश्न काढणाऱ्याने बरोबर उत्तर नीट बिनचूक करण्याच्या नादात तेच लांब केलेलं असतं. उपाय एकदम स्वस्त. दुसऱ्या वर्गातल्या पाच-सात मुलांना उतारा न देता फक्त प्रश्न द्या. ज्या प्रश्नाला बहुतेक सगळे बरोबर आले तो काढून टाका.

शब्दांचं पण एक बघा. तिकडच्या अभ्यासक्रमात गाओकाओसाठी साधारण ३००० शब्द धरलेत. नेटवरून उचललेला एखादा लेख तसाच दिलात तर ओळीला दोन अनोळखी शब्द येतात आणि मग तुम्ही रीडिंग नाही, नशीब तपासताय.

निकाल लागल्यावर मार्कांशी खेळणं

"पेपर जरा अवघड गेला, चला सगळ्यांना थोडे वाढवून देऊ." हे शाळेत चालून जातं, पण झज्यांगमध्ये २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये काय झालं ते बघा. इंग्लिशचा पेपर आधीच्या वर्षीपेक्षा अवघड निघाला म्हणून रीडिंग आणि लँग्वेज यूजच्या (म्हणजे गाळलेल्या जागा आणि ग्रामरच्या) काही प्रश्नांना निकालाआधी जास्त वजन दिलं गेलं. हेतू वाईट नव्हता, वर्षातून दोन परीक्षा आणि त्यातला चांगला स्कोअर धरायचा म्हटल्यावर दोन्हीची काठिण्यपातळी सारखी हवीच. पण काही मोजक्या प्रश्नांचं वजन वाढवलं की ज्याचे नेमके तेच बरोबर आले त्याला फायदा, आणि दुसरे तितकेच बरोबर आलेल्याला काही नाही. जो पूर्ण मार्कांच्या जवळ आहे त्याला तर वर जायला जागाच नाही. पालक भडकले, गव्हर्नरच्या नेतृत्वाखाली चौकशी बसली, डिसेंबरच्या सुरुवातीला ते सगळं रद्द करून मूळ मार्क परत लावले आणि प्रांताच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखाला पदावरून जावं लागलं.

दोन टेस्ट एका पातळीवर आणायच्या असतील तर ते परीक्षेआधी ठरवायचं काम आहे. दोन्ही टेस्टमध्ये आठ-दहा प्रश्न सारखेच ठेवा आणि त्यांच्यावरून कुठली टेस्ट किती अवघड गेली ते काढा. गाओकाओला हे जमत नाही कारण पेपर आधी कोणाला दाखवता येत नाही आणि नंतर सगळ्या देशाच्या हातात पडतो, पण तुमच्या क्लासला अशी काही अडचण नाही.

किरकोळ, पण मार्क खाणाऱ्या गोष्टी

स्पीकर. वर्गात भिंतीवर टांगलेल्या जुन्या स्पीकरवर ऑडिओ लावला आणि मागच्या बाकांवरची मुलं सगळी खालच्या नंबरात आली तर आधी बाकांप्रमाणे मार्क लावून बघा. तिकडे गाओकाओच्या लिसनिंगच्या वेळी सेंटरजवळची बांधकामं थांबवतात, हॉर्न बंद करतात, आणि आपण टेस्ट घेतो शेजारी बास्केटबॉल चालू असताना.

एका टेस्टवरून लेव्हल चिकटवणं. चीनने २०१८ मध्ये इंग्लिशची स्वतःची नऊ लेव्हलची स्केल काढली, त्यात ऐकणं आणि वाचणं यांची वर्णनं वेगवेगळी आहेत. ती उघडून मुलगा काय काय करू शकतो ते ताडून बघा, १५० पैकी मार्कांना थेट बी वन, बी टू असं युरोपियन लेव्हलचं लेबल लावू नका.

आणि उत्तरपत्रिका. लिसनिंगमध्ये मुलं आधी प्रश्नपत्रिकेवर खुणा करतात आणि ऑडिओ संपल्यावर दोन मिनिटांत सगळं उत्तरपत्रिकेवर पेन्सिलने काळं करतात. एक ओळ सरकली की पुढचे सगळे चुकीचे. एखाद्या बऱ्या मुलाला अचानक ३० पैकी ९ आले असतील तर त्याची प्रश्नपत्रिका मागवून घ्या आणि खुणा जुळतायत का ते बघा, मगच त्याच्या आईला फोन करा.